प्याल्यात उरलेलं

“शेवटी येऊ दे ना तिला,” हिवाळेबाई म्हणाल्या. “येऊ नको असं कुठे म्हणतोय आपण?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. उपासना संपली होती, आमचं ख्रिस्ती मंदिर रिकामं झालं होतं आणि मंदिराचा कारभार बघणारी पास्टोरेट कमिटी पुढच्या दोन बाकांवर बसली होती. मी पायपेटीजवळ गीतांची पुस्तकं गोळा करायचं निमित्त करून रेंगाळत होते. पेटी वाजवणारी मुलगी म्हणजे पेटीचाच एक भाग, असं लोक धरून चालतात. त्यामुळे मला त्या मंदिरात नको तेवढं ऐकायला मिळालं.

ती म्हणजे माझी राहेलमावशी, आईची थोरली बहीण. तरुणपणी तिला महारोग झाला आणि नवऱ्याने तिला चार तासांवरच्या मिशनच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. पुढे औषधं आली, ती बरी झाली, तरी तिकडच्याच वसाहतीत राहिली, कारण न्यायला कुणी आलं नाही. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी स्वतः आमच्या घरी येऊन अप्पांना सांगितलं की रोग गेलाय, हिच्यापासून कुणाला काही होणार नाही, हिला माणसांत राहू द्या. डाव्या हाताची बोटं वाकडी राहिली होती आणि भुवया नव्हत्या, एवढंच.

अप्पा डॉक्टरांसमोर हो म्हणाले. डॉक्टर गेल्यावर आईला म्हणाले, “मंडळीने स्वीकारलं तर राहू दे अक्काला. नाहीतर मी काय करणार? एस्तेरचं लग्न व्हायचंय अजून.”

एस्तेर म्हणजे मी. हिवाळेबाईंचा एक भाचा नाशिकला बँकेत होता आणि बाई त्याला आमच्यापुढे कधीपासून लोंबकळत ठेवून होत्या. त्यांना नाही म्हणायची वेळ आली की अप्पांना तो भाचा आठवायचा.

ही गोष्ट मंडळ्यांचं, म्हणजे वेगवेगळ्या चर्चांचं, एकीकरण होण्याआधीची. तेव्हा आम्ही अँग्लिकन, म्हणजे इंग्रजांच्या चर्चचे, होतो आणि आम्हाला त्याची कोण मिजास. पलीकडच्या आळीतले ख्रिस्ती उठता-बसता टाळ्या वाजवून गायचे, म्हणून आम्ही त्यांना नाक मुरडायचो. आमच्याकडे सगळं छापील आणि रांगेत. बुधवारी मातृसंघ, गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना आणि कांदेपोहे, शुक्रवारी गायनाचा सराव, शनिवारी पितळ घासणं, रविवारी प्रभुभोजन. आणि प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूचं शरीर आणि रक्त म्हणून भाकरीचा तुकडा नि द्राक्षारसाचा घोट घ्यायच्या विधीला, सगळ्यांचा एकच प्याला. चांदीचा, विलायतेहून आलेला, दोन बाजूंनी धरून पाळक तो एकेकाच्या ओठांना लावायचे. आपण सगळे एक शरीर आहोत, हे दाखवायला. बाईंचे यजमान हिवाळे मास्तर हे वाक्य दर ईस्टरला डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे. ते शाळेचे निवृत्त हेडमास्तर, मंदिराचे वॉर्डन, आणि वेदीपुढच्या कठड्यापाशी सगळ्यांच्या आधी गुडघे टेकण्याचा मान त्यांचा. तो त्यांना कुणी दिला होता, देव जाणे.

“म्हणजे सगळे घेतील, मग एस्तेर पेटी सोडून येऊन घेईल, आणि मग त्या बाई,” मास्तर म्हणाले. “कुणाच्या मनात किंतू राहणार नाही. काय साहेब?”

आमचे पाळक रेव्हरंड त्रिभुवन. गोरे, देखणे, आवाज मधासारखा, आणि पाठीला कणा नावाचं हाड नाही. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘प्रीतीने’ने सुरू व्हायचं.

“प्रीतीने पाहिलं तर,” ते म्हणाले, “यात कुणाचा अपमान नाही. शेवटचं असण्यातही एक नम्रता आहे.”

“अगदी,” हिवाळेबाई म्हणाल्या.

“उजगरे, तुम्हाला काय वाटतं?” मास्तरांनी अप्पांना विचारलं.

 अप्पांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. “मंडळी म्हणेल तसं,” ते म्हणाले. मला त्यांची इतकी लाज वाटली की मी गीतांची पुस्तकं मुद्दाम धाडकन पेटीवर आपटली. कुणी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

घरी येऊन मी मावशीला हा निर्णय सांगितला. ती लसूण सोलत होती, उजव्या हाताने, डाव्या मनगटाखाली कांदी दाबून धरून.

“बरं की,” ती म्हणाली. “पोटात गेल्याशी मतलब. पंगतीत कुठं बसवलं ते कशाला बघायचं?”

“तुला राग नाही येत?”

“राग आला तर जायचं कुठं गं? राहायचंय ना इथं.”

तिला राहायचं होतं. आईशेजारी अंथरूण घालून दोघी बहिणी लहानपणीच्या गोष्टी काढून खुसखुसायच्या. आई तशी हसताना मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

पुढच्या रविवारी मंदिर नाताळसारखं भरलं. एरवी वर्षातून दोनदा तोंड दाखवणारेही आले होते. बातमी पसरली होती आणि लोकांना बघायचं होतं. पाळकसाहेबांनी गर्दी बघून प्याल्यात द्राक्षारसही जास्त ओतला.

माझी पेटी कठड्याच्या बाजूला होती. तिथून गुडघे टेकलेल्यांचे चेहरे दिसायचे. बाकी मंडळीला पाठी दिसायच्या, मला तोंडं. मास्तर डोळे मिटून आपण एकटेच तारले गेलो असा आव आणायचे. हिवाळेबाई ओठ प्याल्याला जेमतेम टेकवायच्या, आणि पाळक पुढे सरकले की पदराने ते टिपून घ्यायच्या. एक काका दर आठवड्याला मोठा घोट घ्यायचे आणि पाळकांना प्याला ओढून घ्यावा लागायचा. सगळ्यांचं झालं. मला मास्तरांनी खूण केली, मी जाऊन घेतलं आणि परत येऊन गीताचं पुढचं कडवं धरलं.

मग मावशी उठली. मागच्या बाकापासून कठड्यापर्यंत ती पांढऱ्या लुगड्यात एकटी चालत आली. पाळकांनी तिच्या तळहातावर भाकरीचा तुकडा वरून सोडला, भिक्षा घालावी तसा. प्याला मात्र ओठांना लावावाच लागला. ती नीट प्याली, मान खाली घातली आणि तिथेच गुडघ्यांवर राहिली.

तोवर कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. कमिटीच्या नाही, मास्तरांच्या नाही, माझ्या नाही. पाळकसाहेबांच्या तर नाहीच, आणि तो तर त्यांचा धंदा.

आमच्यात नियम असा, की आशीर्वाद दिलेला द्राक्षारस उरवायचा नाही आणि टाकायचा तर मुळीच नाही. उरेल तेवढा पाळकाने तिथेच, वेदीपाशी, सगळ्यांदेखत पिऊन टाकायचा. मग प्याल्यात पाणी घालून तो खळबळायचा आणि तेही प्यायचं. म्हणजे आमच्यात शेवटचा पिणारा कायम पाळकच. सगळ्या मंडळीला वाचवायच्या नादात साहेबांनी स्वतःलाच राहेलमावशीच्या मागे रांगेत उभं केलं होतं.

प्याला वेदीवर ठेवून ते त्यात बघत राहिले. माझं शेवटचं कडवं संपलं. मी ते पुन्हा वाजवलं. तेही संपलं. मग माझ्याकडे वाजवायला काही उरलं नाही आणि पेटीचा भाता एक सुस्कारा टाकून गप्प झाला. मंदिरात कुणीतरी खोकलं.

साहेबांनी प्याल्यावर पांढरा रुमाल टाकला, तो दोन्ही हातांत धरला आणि मोठ्या गांभीर्याने वेस्ट्रीत, पाळकांच्या आतल्या खोलीत, निघून गेले. लोकांना वाटलं असेल, काही विधी असेल. वेस्ट्रीचं दार माझ्या समोर होतं आणि ते अर्धं उघडं राहिलं. साहेबांनी रुमाल काढला, मागच्या खिडकीतून हात बाहेर घातला आणि प्याला उपडा केला. मग दोनदा झटकला. मग कपाळावरचा घाम पुसला, त्याच रुमालाने.

कठड्यापाशी मावशी अजून गुडघ्यांवर होती.

उपासना संपल्यावर हिवाळेबाई माझ्या आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “बघा, किती छान पार पडलं! साहेबांचं मन केवढं मोठं!” आईने मान हलवली. आईला काही ठाऊक नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. घरी पोचताच मी मावशीला परसात गाठलं.

“मावशी, त्याने ते खिडकीतून ओतलं.”

“दिसलं मला. भुवया नाहीत मला, डोळे आहेत.”

“मी सगळ्यांना सांगणार आहे. गुरुवारच्या प्रार्थनेची वाट बघत नाही बसणार, आत्ताच मास्तरांच्या घरी जाते.”

“आणि मास्तर काय करतील?”

 मास्तर काय करतील ते मला नेमकं ठाऊक होतं. प्रीतीने झाकून टाकतील आणि माझंच काहीतरी चुकलं असं ठरवतील.

मावशी धुण्याच्या दगडावर बसली. “मला शेवटी घातलं ते मी सोसलं एस्तू,” ती म्हणाली. “माझं उष्टं नको वाटलं, तेही समजते मी. पण ते माझं नव्हतं गं. ते प्रभूचं होतं. मातीत ओतलं त्याने.”

 मला त्या दिवसापर्यंत वाटायचं की तिला काही लागत नाही. तिला लागत होतं, फक्त आम्हाला लागायचं त्या जागी नाही.

बुधवारी मातृसंघ हिवाळेबाईंच्या ओसरीवर होता. बायका लोकरीचे मोजे विणायच्या, अनाथाश्रमासाठी, आणि विणताना ज्या घरी मोजे घालायला मूल नव्हतं त्या घरांची निंदा करायच्या. मावशीला या वेळी बोलावलं होतं. आपलं मन मोठं आहे हे दाखवायला बाईंना ती लागणार होती. चहा आला. सगळ्यांना फुलांच्या कपबशा, मावशीला टवके उडालेला इनॅमलचा मग.

“तुमच्यासाठी वेगळा काढून ठेवलाय हं, खास,” हिवाळेबाई म्हणाल्या.

“देव भलं करो,” मावशी म्हणाली आणि चहा प्याली. मग अगदी साधेपणाने तिने विचारलं, “बाई, मी पुष्कळ वर्षं लांब होते, विसरले. प्रभुभोजनाचा रस उरला तर काय करतात हो?”

“अहो, पाळक पितात. तिथेच वेदीपाशी. नियमच आहे.”

“आणि कुणी टाकून दिला तर?”

हिवाळेबाईंची सुई थांबली. “छे! महापाप ते. त्या पलीकडच्या आळीत करत असतील. आपल्या मंडळीत असं कुणी करणार नाही.”

“मग बरं,” मावशी म्हणाली.

परतताना मी विचारलं, काय चाललंय तुझ्या मनात. ती नुसती हसली. शनिवारी मी चिंच लावून पितळ घासायला मंदिरात गेले तेव्हा ती बरोबर आली. भांड्यांना हात लावायची तिला परवानगी नव्हती, ती फुलं आणायला मागे गेली. बराच वेळ आली नाही म्हणून बघितलं, तर वेस्ट्रीच्या खिडकीखाली तगरीच्या झुडपापाशी ती उकिडवी बसली होती आणि तिथल्या मातीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होती. मी परत फिरले.

रविवारी मी पेटीवर बसले. पुन्हा गर्दी होती, पण आता सगळे निर्धास्त होते. प्रश्न सुटला होता ना त्यांचा. साहेबांनी आशीर्वाद दिला, रिवाजाप्रमाणे आधी स्वतः घेतलं आणि प्याला घेऊन कठड्याकडे वळले. मी गीत सुरू केलं. मास्तरांनी कोट सारखा केला आणि ते उठले.

ते बाकातून बाहेर पडायच्या आत मावशी त्यांच्या शेजारून पुढे गेली. मागच्या बाकावरून ती कधी निघाली ते कुणी पाहिलंच नव्हतं. ती कठड्याच्या पहिल्या टोकाला, मास्तरांच्या उशीवर, गुडघे टेकून बसली. हो, मास्तरांची तिथे उशी होती.

साहेब खाली वाकले. ओठ न हलवता म्हणाले, “बाई, तुम्ही शेवटी.”

मी पेटीवरचे पाय उचलले. सूर मेला आणि मंदिर एकदम शांत झालं.

“शेवटचं तुम्ही खिडकीतनं ओतता, साहेब,” मावशी म्हणाली. ती ओरडली नाही, पण तिला आवाज खाली ठेवायची गरजही वाटली नाही. “म्हणून आज पहिली आले.”

तोंडात मारल्यासारखे साहेब उभे राहिले. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं, खोटं म्हणायला हवं होतं, निदान रागवायला तरी. त्यांच्या तोंडून ‘प्रीतीने’सुद्धा निघालं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सगळ्या मंडळीला कळलं की ती खरं बोलतेय. मग त्यांनी भाकरीचा तुकडा दिला आणि प्याला तिच्या ओठांना लावला. ती प्याली.

आता मास्तरांची पाळी. ते बाकांच्या मधल्या वाटेत उभे होते, ना पुढे ना मागे. त्यांनी घड्याळ काढून पाहिलं. मग खिशात काहीतरी शोधलं. मग आपल्या बाकावर परत जाऊन डोकं खाली घालून ते प्रार्थनेला लागले, आणि इतकी खोल प्रार्थना त्यांनी आयुष्यात केली नसेल. हिवाळेबाई त्यांच्याहून खोल गेल्या. बघता बघता सगळं मंदिर प्रार्थना करू लागलं. दर रविवारी एक शरीर असणारी माणसं ती. त्यातला एक पाय उचलेना.

मी पेटीमागून उठले आणि मावशीशेजारी बसले. मागे चपलांचा आवाज आला. आई होती. तिनेही गुडघे टेकले. प्याली, आणि अक्काचा वाकड्या बोटांचा हात धरून बसली. आम्ही तिघी वाट बघत होतो. मी मान वळवून अप्पांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

कुणी आलं नाही. साहेबांच्या हातात जवळजवळ भरलेला प्याला होता. नियमात अशी सोय आहे की उरलेलं जास्त असेल तर पाळकाने दोघातिघांना मदतीला बोलवावं. त्यांनी आशेने सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. त्यांना डोक्यांचे भांग तेवढे दिसले.

“प्या, साहेब,” मावशी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. आजाऱ्याला औषध देताना बोलतात तशी ती बोलली.

ते वेदीकडे तोंड करून प्यायला लागले. मध्येच थांबले, श्वास घेतला, पुन्हा प्याले. द्राक्षारस हनुवटीवरून पांढऱ्या झग्यावर उतरला. मग पाणी घालून प्याला खळबळला आणि तेही प्याले. मंदिराच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळी मंडळी प्रार्थना करताना डोळे उघडे ठेवून होती.

 घरी येऊन दार लागल्यावर अप्पांना कंठ फुटला. “तोंड दाखवायला जागा ठेवली नाही! आता नाशिकचं स्थळ गेलं म्हणून समजा. मंडळी काय म्हणेल? अक्का, तुम्हाला इथं राहायचं होतं ना? मग हे असं वागतात का?”

“राहायचं होतं,” मावशी म्हणाली. तिने कॉटखालून आपली पत्र्याची ट्रंक ओढली. ती भरून, कडी लावून तयार होती. सकाळी मंदिरात जायच्या आधीच तिने ती भरली होती.

“अक्का, नको गं,” आई म्हणाली. “मी आले ना तुझ्यामागं?”

“आलीस. तेवढं पुरेल मला.” तिने आईच्या गालावरून हात फिरवला. “ते मातीत गेलेलं माझ्या जिवाला लागलं होतं. ते त्याने प्यायलाच पाहिजे होतं. तेवढं काम होतं, झालं. आता इथं राहून मी काय करू? मगातनं चहा पिऊ?” मग ती माझ्याकडे वळली. “तिकडं आमचंही मंदिर आहे गं एस्तू, पत्र्याचं. पेटी आहे, पण वाजवायला बोटं नाहीत कुणाला. प्याला मात्र एकच. फिरतो, फिरतो आणि रिकामा होऊन येतो. उरत नाही.”

मी तिला पोचवायला गेले. दोन दिवसांचे कपडे नेले होते.

परत आले नाही. तिथली पेटी वाजवली, तिथल्या मुलांना शिकवलं, लग्नही तिथल्याच कंपाउंडरशी केलं. ते आयुष्य सोपं होतं असं नाही, पण तिथे मला कधी कुणाची लाज वाटली नाही. आई वर्षातून दोनदा यायची, अप्पा एकदाही आले नाहीत. मावशी म्हातारी होऊन माझ्या घरात, माझ्या मांडीवर गेली.

मागच्या वर्षी धाकट्या चुलतभावाच्या नातीच्या लग्नासाठी गावी गेले, तेव्हा रविवारी त्या मंदिरात जाऊन बसले. फरशी नवी घातली आहे. पायपेटी गेली, तिथे विजेचं वाद्य आलंय. चांदीचा प्याला काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलाय, बघायला. प्रभुभोजनाला कुणी जागचं उठलं नाही. दोन पोरगेलेसे सेवक स्टीलचा एक मोठा ट्रे घेऊन बाकाबाकातून फिरले. ट्रेला भोकं, आणि प्रत्येक भोकात इवलासा पेला, औषधाच्या मापाएवढा. प्रत्येकाला आपापला. ट्रेच्या काठावर अक्षरं कोरली होती: वॉर्डन कै. हिवाळे मास्तर यांच्या प्रेमळ स्मरणार्थ.

मी एक पेला उचलला, पाहिला आणि तसाच पुन्हा भोकात ठेवला.

शेजारची बाई वाकून कुजबुजली, “का हो आजी, घेत नाही?”

“नाही बाई,” मी म्हटलं, “मला एकटीनं प्यायची सवय नाही.”